धुराचा हिशेब मागणारा पिवळा दिवा

‘बॅटरीची वायर पाच मिनिटं काढून ठेवा, जातोय दिवा.’ गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की कोल्हापुरात हा सल्ला हमखास मिळतो. दिवा खरोखर जातोही, म्हणून सल्ला टिकून आहे. वायर काढली की इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, नोंदवलेला बिघाडाचा कोड अनेक गाड्यांत पुसला जातो. बिघाड मात्र जागच्या जागी राहतो. काही दिवसांनी दिवा परत लागला की दोष इथेनॉलवर जातो. ऊस आपला, कारखाने आपले, डिस्टिलऱ्या आपल्या, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यावर दिवेही आपल्याच गाड्यांचे लागतात, असं लोक चिडून बोलतात. त्यात थोडं तथ्य आहे. ते किती, हे समजायला आधी हा दिवा कुणाच्या सांगण्यावरून लागतो ते पाहायला हवं.

हा दिवा प्रदूषणाच्या कायद्यातून आला. कॅलिफोर्नियात त्याची सुरुवात झाली, १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना सध्याची ओबीडी-२ पद्धत, म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःचे बिघाड तपासण्याची पद्धत, सक्तीची झाली, आणि आपल्याकडे ती भारत स्टेज (बीएस) या धुराच्या नियमांबरोबर आली. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत हे नियम आणखी कडक आहेत. त्यामुळे हा दिवा मुख्यतः एकच गोष्ट सांगतो: सायलेन्सरमधून जे बाहेर पडतंय ते ठरल्यापेक्षा घाण असावं, किंवा ते तपासणारी यंत्रणाच बिघडली असावी. गाडी झकास पळत असतानाही तो लागतो, याचं कारण हेच. ऑइलचा दाब गेला किंवा इंजिन तापलं, तर त्यासाठी वेगळे लाल दिवे आहेत. ते लागले तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची.

आता धूर मोजतो कोण? एक्झॉस्टच्या नळीत स्पार्क प्लगएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला ओटू सेन्सर किंवा लॅम्डा सेन्सर म्हणतात. १९७६ साली बॉशने तो व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आणला. मला अख्ख्या मोटारीत याच्याइतकी सुंदर वस्तू दुसरी दिसत नाही.

त्याच्या आत झिर्कोनिया या सिरॅमिकची टोपी असते. टोपीच्या आत बाहेरची स्वच्छ हवा, टोपीच्या बाहेर इंजिनातला धूर. झिर्कोनियात थोडं यिट्रियम मिसळलेलं असतं. झिर्कोनियमच्या आयनावर चार धनभार, यिट्रियमच्या आयनावर तीन. भाराचा हिशेब जुळावा म्हणून दर दोन यिट्रियममागे स्फटिकात ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान गेलं की ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून उड्या मारत घन सिरॅमिकमधून आरपार जाऊ लागतात. जिकडे ऑक्सिजन जास्त तिकडून कमी असलेल्या बाजूला ते निघतात, आणि दोन्ही बाजूंच्या प्लॅटिनमच्या थरांमध्ये व्होल्टेज तयार होतं. म्हणजे हा सेन्सर स्वतःच एक विद्युतघट आहे.

व्होल्टेज किती, ते वाल्थर नेर्न्स्टच्या १८८९ च्या समीकरणाने मिळतं. दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनच्या दाबांचं गुणोत्तर घ्यायचं आणि त्याचा लॉगॅरिदम काढायचा. साधारण ७२५ अंशांना दर दहापट फरकामागे सुमारे ५० मिलिव्होल्ट मिळतात. एवढ्याशा व्होल्टेजवर इंजिन कसं चालवणार? इथे रसायनशास्त्र मदतीला येतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून थोडी जास्त असेल तर धुरात शेकडा एखादा टक्का ऑक्सिजन उरतो. पेट्रोल थोडं जास्त झालं, तर प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजनही जळतो आणि त्याचं प्रमाण अनेक घातांनी कोसळतं, इतकं की दशांश चिन्हानंतर पंधरा-सतरा शून्यं मांडावी लागतात. त्यामुळे १४.७ च्या उंबरठ्यावर व्होल्टेज एकदम ०.१ व्होल्टवरून ०.९ व्होल्टवर उडी घेतं. ईसीयू ०.४५ ची रेघ धरून बसतो. व्होल्टेज त्याच्या वर गेलं की पेट्रोल कमी करतो, खाली आलं की वाढवतो. गाडी चालू असताना हे अखंड सुरू असतं.

हे कमी-जास्त केलेलं ईसीयू लक्षात ठेवतो. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. इथेनॉलचा प्रश्न इथे येतो. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याच्या एका किलोला फक्त ९ किलो हवा पुरते. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेल्या गाडीला तेवढ्याच हवेत आठ-नऊ टक्के इंधन जास्त सोडावं लागतं, आणि १० टक्के मिश्रणासाठी बेतलेलीला त्याच्या निम्मंच. ट्रिमची हद्द बहुतेक गाड्यांत २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते. निरोगी गाडीत एकटं इथेनॉल ही हद्द ओलांडू शकत नाही. पण इंजिनात हवा नेणारा इनटेकचा रबरी पाइप आधीच चिरलेला असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर अर्धवट तुंबला असेल, तर उरलेली जागा इथेनॉल खाऊन टाकतं आणि पी०१७१, म्हणजे ‘मिश्रण लीन’ (हवा जास्त, पेट्रोल कमी), हा कोड उमटतो. तेव्हा आधी चिरलेला पाइप शोधायचा. जुन्या गाडीच्या रबरावर इथेनॉलचा काय परिणाम होतो हा प्रश्न खरा आहे, पण तो या दिव्यापेक्षा वेगळा.

आणि इथेच बरेच पैसे वाया जातात. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एक प्लग मेला आणि गाडी मिसिंग मारू लागली, तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल जळत नाही आणि ऑक्सिजनही वापरला जात नाही. तो तसाच नळीत येतो, सेन्सर म्हणतो ‘लीन’, आणि ईसीयू आधीच पेट्रोल वाया घालवणाऱ्या इंजिनात आणखी पेट्रोल ओततो. स्कॅनरवर ‘लीन’ दिसतं, म्हणून नवा ओटू सेन्सर बसवला जातो, आणि दिवा परत लागतो. कोड हे लक्षण आहे, सुट्या भागाचं नाव नव्हे.

पुढे असतो धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचा लेप दिलेली सिरॅमिकची जाळी. त्यातलं सिरियम ऑक्साइड जास्तीचा ऑक्सिजन साठवतं आणि कमी पडला की सोडतं. राधानगरीचं धरण जसं पावसाचे लोंढे पोटात घेऊन भोगावतीला बेताने पाणी देतं, तसंच. म्हणून कन्व्हर्टरच्या मागच्या दुसऱ्या सेन्सरचं व्होल्टेज जवळजवळ स्थिर हवं. तेही पुढच्यासारखं वरखाली होऊ लागलं, तर साठवणक्षमता संपत आली. कोड पी०४२०.

आता करायचं काय. दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरू नका. सावकाश घरी या आणि लवकर तपासून घ्या. टाकीचं झाकण घट्ट करा हा सल्ला मुळात अमेरिकेतला, कारण तिथे टाकीच्या वाफेची गळती तपासणं गाडीला बंधनकारक आहे. करून पाहायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र प्रकरण गंभीर आहे. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय आणि जाळी वितळू शकते. तसं झालं तर एका प्लगच्या किंवा त्याला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलच्या खर्चाऐवजी अख्ख्या कन्व्हर्टरचं बिल येतं. अशा वेळी गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट चढायला जाऊ नका, भार पडला की मिसिंग वाढतं. पाय हलका करा. लुकलुकणं थांबलं नाही तर गाडी बाजूला घ्या आणि टो करून आणा. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढल्यावर हे जास्त दिसतं, कारण कॉइलच्या खाचेत किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरतं.

उद्यमनगरात असोत की आणखी कुठे, समजूतदार मेकॅनिक आहेत. त्यांना एवढंच सांगा, की कोड पुसण्याआधी लिहून द्या, फ्रीझ फ्रेम दाखवा, आणि ट्रिम किती आहे ते सांगा. फ्रीझ फ्रेम म्हणजे दिवा लागताना इंजिनाचं तापमान, फेरे आणि भार किती होता याची नोंद. बिघाड थंड इंजिनात झाला की हायवेला, हे त्यातून कळतं, आणि अंदाजाने भाग बदलणं टळतं.

नव्या गाडीला लोक लिंबू-मिरची बांधतात. श्रद्धा ज्याची त्याची, पण दिवा लागला की ‘दृष्ट लागली’ म्हणून लिंबू बदलणं आणि गाडी तशीच पळवणं यात नुकसान तुमच्याच खिशाचं आहे. तितकीच फसवी वस्तू म्हणजे डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचं ‘मायलेज वाढवणारं’ यंत्र. अशी कित्येक यंत्रं उघडली तर आत लुकलुकणाऱ्या एलईडीपलीकडे काही नसतं. त्याच सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर मात्र घ्यावा असा आहे. तो मोबाइलवर कोड आणि दोन्ही सेन्सरांचं व्होल्टेज दाखवतो. पुढचा सेन्सर वरखाली नाचताना पाहायला मिळतो तो आनंद वेगळाच. काही नव्या गाड्यांत मात्र पुढे मिश्रणाचं प्रमाण सलग मोजणारा वाइडबँड सेन्सर असतो, त्यात ही उडी दिसत नाही.

दुरुस्ती झाल्यावर वायर काढायची गरज नाही. सलग तीन फेऱ्यांत तपासणी निर्दोष झाली की दिवा आपोआप विझतो, आणि कोड सुमारे चाळीस वेळा इंजिन गार होऊन तापल्यावर स्मृतीतून जातो. स्कॅनरने कोड पुसलाच असेल, तर इंजिन पूर्ण तापल्यावर कागलकडे हायवेला एकसारख्या वेगाने वीसेक मिनिटं गाडी चालवा. गावातल्या सिग्नलला थांबत-थांबत कन्व्हर्टरची तपासणी सहसा पूर्ण होत नाही. ती पूर्ण झाली की नाही, हे स्कॅनरच्या ‘रेडिनेस’ पानावर दिसतं.