आम्ल, आम्लारी आणि अर्ध्या तासाची भिजवण

कुकरच्या तळाला पाणी घालताना त्यात पिळलेल्या लिंबाची फोड किंवा चिंचेचे बुटूक टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती फोड नसली, की ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो. याचे कारण असे, की आपल्या पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट क्षार उकळताना पाण्याला अधिक आम्लारीधर्मी करतात, अशा पाण्याची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होते आणि भांड्याच्या पृष्ठभागावर काळपट थर चढतो. लिंबातले सायट्रिक आम्ल पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-आम्लारीपणा मोजणारा pH अंक, उतरवते, त्यामुळे तो थर धरतच नाही. एका वाया जाणाऱ्या फोडीने साधलेली ही स्वच्छता मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात घर स्वस्तात आणि पर्यावरणाला फारसा धक्का न लावता साफ करण्याचे मूळ सूत्र आहे. समोरचा मळ रासायनिकदृष्ट्या काय आहे हे ओळखले, तर नळ, ओटा, फरशी आणि भांडी यांसाठी निरनिराळ्या रंगांच्या सहा बाटल्या आणाव्या लागत नाहीत.

घरातला सर्वांत चिवट मळ म्हणजे नळाच्या तोटीवर, बादलीच्या आत आणि न्हाणीघराच्या टाइल्सवर बसणारा पांढरा क्षार. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांना त्याची चांगलीच ओळख असते. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी तापल्यावर किंवा सुकल्यावर कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या, रूपात मागे उरते. ती साबणाने निघत नाही, कितीही घासली तरी निघत नाही. आम्लात मात्र विरघळते. व्हिनेगरमध्ये सुमारे 4 ते 5 टक्के ॲसेटिक आम्ल असते आणि ते हे काम करते, पण माझ्या मते किराणा दुकानात लिंबूसत्त्व किंवा लिंबूफूल म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल अधिक सोयीचे आहे. त्याला वास येत नाही, ते कोरडे असल्याने टिकते आणि विरघळलेल्या कॅल्शियमला धरूनही ठेवते. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात जुने सुती फडके भिजवावे, ते तोटीभोवती गुंडाळून अर्धा तास ठेवावे आणि मग पुसून धुवावे.

त्या अर्ध्या तासाला शास्त्रीय आधार आहे. हेंकेल या जर्मन कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी 1959 च्या सुमारास स्वच्छतेचे चार घटक एका वर्तुळात मांडले: रसायन, घासण्याचा जोर, तापमान आणि वेळ. यांपैकी एक घटक कमी केला, तर उरलेल्यांनी ती तूट भरून काढावी लागते. बाजारातली तीव्र द्रावणे रसायनाचा वाटा वाढवून आपला वेळ वाचवतात. आपण वेळ दिला, तर रसायन सौम्य चालते आणि मनगटही दुखत नाही. करपलेले पातेले रात्रभर पाण्यात भिजवून ठेवणारी गृहिणी हेच करत असते.

आम्ल वापरताना खाली कोणता दगड आहे हे मात्र आधी पाहावे. शहाबादी फरशी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे सारे कॅल्शियम कार्बोनेटचेच दगड आहेत. तोटीवरचा क्षार ज्या अभिक्रियेने विरघळतो, त्याच अभिक्रियेने कडप्प्याच्या ओट्याची झिलई जाते आणि तेथे कायमचा निस्तेज डाग उरतो. त्यामुळे लिंबू-व्हिनेगरने ओटा पुसण्याचा सल्ला सरसकट पाळू नये.

ओट्यामागच्या टाइल्सवरचा आणि एक्झॉस्ट पंख्यावरचा तेलकट चिकटा हा अगदी वेगळ्या जातीचा मळ आहे. फोडणीच्या वाफेबरोबर उडालेले तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून राळेसारखे घट्ट होते आणि त्यात धूळ रुतते. त्याला आम्लारी लागते. खायच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू सुमारे 8.3 असतो, तर धुण्याच्या सोड्याचा सुमारे 11. सामूचा प्रत्येक अंक दहा पटींचा असल्याने या दोघांच्या आम्लारी गुणात शेकडो पटींचा फरक पडतो. धुण्याच्या सोड्याच्या गरम द्रावणात तेलाचा काही भाग प्रत्यक्ष साबणात बदलतो आणि उरलेला सुटा होऊन वाहून जातो. चुलीतल्या राखेने भांडी घासली जात, तेव्हाही हेच घडत असे. राखेतले पोटॅशियम कार्बोनेट तेल सोडवी आणि तिचे बारीक कण घासण्याचे काम करीत. धुण्याचा सोडा वापरताना रबरी हातमोजे घालावेत आणि ॲल्युमिनियमची भांडी त्यापासून दूर ठेवावीत, कारण तो त्या धातूला खातो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस आणण्याचा उपाय सध्या फार लोकप्रिय आहे. तो फेस म्हणजे निसटून जाणारा कार्बन डायऑक्साइड वायू. एक चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, खायचा सोडा साधारण 70 मिलिलिटर व्हिनेगरमधले आम्ल संपवून टाकतो आणि मागे उरते सोडियम ॲसिटेटचे जवळजवळ निष्क्रिय पाणी. दोन्ही पदार्थ एकेकटे उपयोगी आहेत, पण एकत्र केल्यावर ते एकमेकांनाच खर्ची घालतात.

ही चूक पैशांपुरतीच असते. दुसरे एक मिश्रण जिवावर बेतू शकते. ब्लीच आणि शौचालय साफ करण्याचे आम्ल एकत्र आले, की क्लोरीन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने जो वायू शत्रूवर सोडला, तो हाच. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगरही ब्लीचमध्ये कधीच मिसळू नये. घरात जुलाब-उलट्यांचा रुग्ण असेल, तर जंतुनाशक म्हणून ब्लीचचे पातळ द्रावण जरूर वापरावे, पण जागा आधी साबणपाण्याने धुऊन आणि खिडकी उघडी ठेवून. अशा वेळी व्हिनेगरवर विसंबून राहू नये.

फेसाविषयी आपली एक समजूत पक्की आहे, ती म्हणजे जितका फेस जास्त, तितके भांडे स्वच्छ. वास्तविक तेल सोडवण्याचे काम पृष्ठसक्रिय रेणू करतात. त्यांचे एक टोक तेलाला आणि दुसरे पाण्याला धरते. पुरेसे रेणू झाल्यावर अधिक पावडर टाकली, तर ती बव्हंशी गटारात जाते आणि ती धुऊन काढायला पाणीही जास्त लागते. 1950 च्या दशकात वापरात असलेल्या डिटर्जंटचे रेणू फांद्यांसारखे असत. जिवाणूंना ते तोडता येत नसत, म्हणून युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर साचले आणि 1960 च्या दशकात उत्पादकांना सरळ साखळीच्या रेणूंकडे वळावे लागले. हे रेणू जिवाणू तोडतात, पण त्यासाठी ऑक्सिजन आणि वेळ लागतो. प्रक्रिया न करता नदीत सोडलेल्या सांडपाण्यात दोन्हींची वानवा असते. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस पाहून मन विषण्ण होते. त्यात कारखान्यांचाही वाटा आहे, पण घरांतून वाहून गेलेले साबणाचे पाणीही आहे.

लिंबूवर्गीय फळांच्या साली, गूळ आणि पाणी आंबवून केलेले बायोएन्झाइम अनेक जण उत्साहाने बनवतात. ते आंबलेले द्रावण सौम्य व्हिनेगरसारखे काम करते आणि साली कचऱ्यात जात नाहीत, हे चांगलेच आहे. त्याहून मोठे दावे मला पटत नाहीत. बाटली प्लॅस्टिकची घ्यावी आणि पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून वायू सोडावा, नाहीतर ती फुटते.

रिठ्याविषयी मात्र मला खरी आस्था आहे. त्याच्या सालीतले सॅपोनिन हे निसर्गाने घडवलेले पृष्ठसक्रिय द्रव्य आहे आणि जड पाण्यातही त्याची साबणासारखी चिकट साय धरत नाही. रेशीम हे प्रथिन आहे, त्याला सोडा सोसत नाही. रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने रेशमी कापडाला आणि दागिन्यांना ते मानवते. तरीही नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असे समजू नये: सॅपोनिन डोळ्यांना झोंबते आणि माशांना घातक ठरते, म्हणून उरलेले पाणी विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नये. आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून साली अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी पंधरा मिनिटे उकळून गाळून घ्याव्यात. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, त्यामुळे लागेल तेवढेच करावे.