दुसऱ्याच्या नावाचं टपाल घरी आलं तर काय करायचं?

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. आधीच्या भाडेकरूची बँकेची पत्रं वर्षानुवर्षं आपल्याच पेटीत पडत राहतात. ती फाडून टाकली तर गुन्हा होतो का?

1898 च्या टपाल कायद्यात कलम 68 होतं. दुसऱ्याचं टपाल मुद्दाम दडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. जून 2024 मध्ये नवा टपाल कायदा (2023) लागू झाला आणि हे कलम गेलं. पण म्हणून मोकळं रान मिळालं असं नाही. दुसऱ्याची वस्तू बेइमानीने स्वतःकडे ठेवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 लागतं: किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद आणि दंड. मालकाला परत देण्यासाठी जपून ठेवलेली वस्तू मात्र या गुन्ह्यात बसत नाही. सगळं हेतूवर अवलंबून आहे.

पाकीट उघडू नका. त्यावर 'या पत्त्यावर राहत नाहीत' असं लिहून पोस्टमनकडे किंवा पोस्टात द्या. यासाठी ना अर्ज लागतो, ना पैसे. चुकून उघडलंच, तर चिकटपट्टी लावून 'चुकून उघडले' असं लिहा, सही करा.

सहीचं टपाल मात्र ओळखीखातरही घेऊ नका. जनरल क्लॉजेस ॲक्ट (कायद्यांचा अर्थ कसा लावायचा ते सांगणारा कायदा) याच्या कलम 27 नुसार बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस पोहोचली असं गृहीत धरलं जातं. त्यात तुमची सही असली, तर 'मला मिळालीच नाही' हे सिद्ध करताना ज्याच्या नावाची नोटीस आहे त्या बिचाऱ्याच्या नाकी नऊ येतील.

घर बदलणारे तुम्हीच असाल, तर जुन्या भागातल्या पोस्टमास्तरांना टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज द्या. त्यात दोन्ही पत्ते, मोबाइल नंबर आणि सही हवी. सोबत ओळखपत्राची आणि नव्या पत्त्याच्या पुराव्याची प्रत ठेवा. तुमच्या वतीने दुसरं कुणी टपाल घेणार असेल, तर त्याच्या नावाचं सहीचं अधिकारपत्र द्या. बँकेतला पत्ता मात्र स्वतःच बदलावा लागतो, आणि आळस नेमका तिथेच होतो.

तुमचं टपाल कुणी दाबून ठेवत असेल, तर आधी पोस्टमास्तरांकडे लेखी तक्रार करा. पोचपावती किंवा ट्रॅकिंग नंबर जोडा. टोल-फ्री नंबर 1800 266 6868. पोलिसांत गेलात, तर कलम 314 अदखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असं) असल्याने बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करून घेतात. पाकिटातलं कार्ड वापरून कुणी पैसे काढले असतील, तर ते पहिल्याच वाक्यात सांगा.