तोंड वाकडं कधी झालं?

संक्रांतीच्या दिवशी आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात नऊ वर्षांचं एक पोट्टं कटलेल्या पतंगीमागे धावता धावता जिन्यावरून पडलं, कानामागे दणका बसला, कानातून थोडं रक्तही आलं, पण दवाखान्यातून आल्यावर नीट बोलत होतं म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी उजवीकडून गळायला लागलं, हसला तर तोंड डावीकडेच गेलं. आजी म्हणे, वारं लागलं.

वारं नाही हो, सातवी नस. चेहरा हलवणारी ही नस मेंदूतून निघून कानाजवळच्या हाडातल्या जवळपास 3 सेंटीमीटरच्या बोगद्यातून बाहेर येते, आणि हा बोगदा सगळ्यात अरुंद जागी 1 मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद. मार लागला की नस सुजते, पण हाडात फुगायला जागाच नाही, मग ती स्वतःच स्वतःला आवळते. मेंदूच्या झटक्याने आलेल्या लकव्यात कपाळाला सहसा आठ्या पडतात, इथे त्या बाजूचं कपाळही सपाट.

डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात ते हेच, की पडल्या पडल्या वाकडं झालं की नंतर? लगेच झालं असेल तर नस तुटली असू शकते किंवा हाडाचा तुकडा रुतलेला, ऑपरेशनचा विचार करावा लागतो. दोन-तीन दिवसांनी झालं तर बहुतेक वेळा सूजच असते आणि पोरं बरी होतात. नसेला हलका करंट देऊन चेहरा हलतो का ते बघायची विजेची टेस्टही पहिले 3 दिवस फसवते, कारण तुटलेल्या नसेचा पुढचा भाग तेवढे दिवस करंट नेतच राहतो.

दोन वर्षांच्या आतल्या लेकरांचं तर कानामागचं हाडाचं टेंगूळच नीट तयार झालेलं नसतं, नस अगदी कातडीखाली, म्हणून बाळंतपणात चिमट्यानेही दुखावते. आता एवढ्याशा बाळाला भुवया वर कर कोण सांगणार? रडताना बघायचं, दोन्ही डोळे मिटतात का.

डोळ्याची मात्र हयगय नको. मिटत नसला तर बुबुळ कोरडं पडून जखम होते, म्हणून दिवसा ड्रॉप, रात्री मलम अन् वरून टेप, तेही डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या पोट्ट्याच्या आईने पडला त्याच संध्याकाळी तिळगूळ खातानाचा व्हिडिओ काढला होता, त्यात दोन्ही गाल सारखे हलताना दिसले अन् डॉक्टरांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. आता त्याचा डोळा पूर्ण मिटतो, शिट्टी तेवढी अजून फुसकीच वाजते.