ऑर्क पॅलाडिन कसा झाला, त्यामागची गोष्ट

जळगावला आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, रविवारी दुपारी जेवणं झाली की डंजन्स अँड ड्रॅगन्स हा प्रत्येकाने एक पात्र होऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा गेम खेळायला बसतो. नवीन कॅम्पेन, म्हणजे बरेच रविवार चालणारी लांब गोष्ट, सुरू करताना एकाने कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, पुढे सरकवली, त्यावर रेस म्हणजे जमात लिहिलेली ऑर्क, राक्षसासारखी, आणि खाली क्लास म्हणजे पेशा पॅलाडिन, शपथेला बांधलेला धर्मवीर. टेबलावरचा दुसरा लगेच म्हणाला, "ऑर्क शे ना भो तो, तो पॅलाडिन कसा व्हई?" आणि तिथून जी चर्चा पेटली ती चहा दोनदा होऊनही थांबली नाही. मला तेव्हाच वाटलं की हा प्रश्न मुळात आला कुठून हे एकदा नीट लिहून ठेवायला पाहिजे, कारण दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, फक्त दोघांच्या डोक्यातली रूलबुक्स वेगवेगळ्या काळातली होती.

मुळात पॅलाडिन हा शब्द शार्लमेन राजाच्या बारा वीरांपासून आलेला, म्हणजे युरोपातल्या जुन्या वीरकथांमधला. आणि आपण गेममध्ये बघतो तो ऑर्क टोल्किनकडून आला, तिथे तो अंधाराच्या फौजेतला शिपाई. दोघं एकमेकांसमोर लढायलाच उभे केलेले, एकाच अंगात राहतील असं कुणाच्या डोक्यात नसणार.

पण गंमत बघा, या गेमच्या 1974 च्या पहिल्या पुस्तिकांमध्येच लिहिलेलं आहे की खेळाडूला जवळपास काहीही खेळू द्यायला हरकत नाही, फक्त सुरुवात कमजोर पाहिजे, उदाहरण म्हणून चक्क ड्रॅगन दिलाय, लहान वयाचा ड्रॅगन घ्या आणि हळूहळू मोठा करा. त्याच्याही आधी गेमच्या दोन निर्मात्यांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, त्याच्या ब्लॅकमूर कॅम्पेनमध्ये एका खेळाडूचं कॅरॅक्टर व्हॅम्पायर झालेलं, सर फँग नावाचं, आणि ते इतकं भारी पडायला लागलं की त्याला तोड म्हणून क्लेरिक हा क्लास तयार झाला. म्हणजे टेबलावर राक्षस आधी बसला आणि देवाचा माणूस त्याच्यामुळे आला. हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात आवडतं.

पॅलाडिन 1975 च्या ग्रेहॉक पुरवणीत आला, करिश्मा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा आकडा, किमान 17 आणि पहिल्यापासून लॉफुल, म्हणजे नियमाने वागणारा, असलाच पाहिजे. मग 1978 च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये दुसरा निर्माता गॅरी गायगॅक्सने दार पक्कं बंद केलं, पॅलाडिन फक्त माणूस, आणि फक्त लॉफुल गुड, म्हणजे नियमाने वागणारा आणि चांगला. त्याच पुस्तकात हाफ-ऑर्क, म्हणजे अर्धा ऑर्क अर्धा माणूस, खेळता येत होता, पण त्याचे आकडे बघा, क्लेरिक म्हणून 4 थ्या लेव्हलच्या पुढे जाता येत नाही आणि असॅसिन म्हणून मात्र लेव्हलला मर्यादाच नाही. मारेकरी व्हायचं तर कितीही मोठा हो, देवाची सेवा करायची तर चार पायऱ्यांवर थांब. यापेक्षा स्पष्ट काय लिहिणार. 1989 च्या दुसऱ्या एडिशनच्या हँडबुकमधून तर हाफ-ऑर्कच गेला, पॅलाडिन माणूसच राहिला.

मधल्या काळात लोक गप्प बसले नव्हते. 1988 ला ड्रिझ्ट हा चांगला ड्राऊ, म्हणजे जमिनीखालच्या दुष्ट एल्फांच्या जमातीतला, कादंबरीत आला आणि वाईट जमातीतला एकटा चांगला हे कॅरॅक्टर घरोघरी पोचलं, 1993 ला ह्युमनॉइड्सवर, म्हणजे ऑर्कसारख्या माणसाच्या घडणीच्या जमातींवर, अख्खं पुस्तक निघालं. पण खरं दार उघडलं 2000 ला. तिसऱ्या एडिशनने कुठल्याही रेसला कुठलाही क्लास घेऊ दिला आणि मॉन्स्टरच्या अलाइनमेंटपुढे, म्हणजे तो चांगला की वाईट या नोंदीपुढे, "नेहमी", "बहुतेक", "बऱ्याचदा" असे शब्द जोडले. लहानसे शब्द आहेत पण त्यांनी खूप काम केलं, कारण "बहुतेक वाईट" म्हटल्यावर उरलेल्यांचं काय हा प्रश्न आपोआप येतो. तरी उंबरा उंचच होता, हाफ-ऑर्कला करिश्मा वजा 2, आणि पॅलाडिनचं निम्मं बळ करिश्म्यावर.

2008 च्या चौथ्या एडिशनने लॉफुल गुडची सक्ती काढली, 2014 ला पाचवीने अलाइनमेंट बाजूला ठेवून शपथ मध्यभागी आणली, 2016 ला ऑर्क, गॉब्लिन, कोबोल्ड खेळायचे नियम आले आणि 2024 च्या हँडबुकमध्ये ऑर्क माणूस-एल्फच्या रांगेत बसला. माझ्या मते मोठा बदल शपथेचाच. तू कोणाच्या पोटी जन्मलास हे विचारणं थांबलं आणि तू कशाला बांधलेला आहेस हे विचारणं सुरू झालं.

आपल्याकडे हे नवीन वाटायचं कारणच नाही. प्रल्हाद असुराचा मुलगा, बळी त्याचा नातू, आणि पाडव्याला आपल्या आया "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतात ते एका असुर राजासाठी. महात्मा फुल्यांनी 1873 ला गुलामगिरीत याच बळीला न्यायाचा राजा म्हणून उभं केलं. घटोत्कच राक्षसीचा मुलगा, मेला पांडवांसाठी. आमच्या टेबलावर हे निघालं तेव्हा विरोध करणारा थोडा नरमला.

पण शीट घेऊन आलेला म्हणाला, माझा ऑर्क बळी नाहीये, तो अस्तंब्याचा आहे. हा खेळाडू स्वतः तळोद्याकडचा. धडगाव तालुक्यात सातपुड्यात 1325 मीटर उंचीचा अस्तंबा डोंगर आहे, दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला लोक तिथे चढून जातात, आणि तिथला ऋषी म्हणजे अश्वत्थामा. झोपलेल्या पोरांना मारणारा, कपाळावर भळभळती जखम घेऊन फिरणारा, तेल मागणारा. तोच रात्री वाट चुकलेल्यांना वाट दाखवतो असं लोक सांगतात. 1978 च्या नियमात जाणूनबुजून वाईट कृत्य केलेल्या पॅलाडिनला परत येणं नव्हतं, कबुली आणि प्रायश्चित्त फक्त लहान चुकांना. सातपुड्याने मात्र अश्वत्थाम्यासाठी डोंगर ठेवला.

त्याच्या ऑर्कने तरुणपणी झोपलेली छावणी जाळलेली आहे, शपथ एकच, झोपलेल्यावर हत्यार उचलणार नाही. ती त्याने शीटच्या मागे अहिराणीत लिहिली आहे. मागच्या रविवारी रात्रीच्या अंधारात डाकूंचा तळ सापडला, सगळे गाढ झोपेत, आम्ही चौघं म्हणालो आत्ताच उरकून टाकू. त्याने फासे हातात घेतलेच नाहीत, कंबरेचं शिंग काढलं आणि वाजवलं.