झुंडहल्ला, पक्ष्यांचा

दिवसा उघड्यावर सापडलेल्या घुबडाला, ससाण्याला, सापाला किंवा मांजराला लहान पक्षी एकत्र येऊन घेरतात, कलकलाट करतात, प्रसंगी चोचही मारतात. या वर्तनास झुंडहल्ला म्हणतात. पक्षिनिरीक्षकांत ‘मॉबिंग’ हा शब्द अधिक चालतो. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर बसलेल्या पिंगळ्याभोवती सातभाई, बुलबुल, साळुंक्या, शिंपी जमतात. त्यात खारही सूर मिसळते. पिंगळा मान वळवतो, डोके वरखाली करतो, डोळे वटारतो आणि अखेर ढोलीत शिरतो.

याचा एक जुना उल्लेख ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाच्या नवव्या भागात आहे. छोटे पक्षी दिवसा घुबडाभोवती फडफडतात, त्याची पिसे उपटतात आणि म्हणून पारधी घुबडाचा आमिषासारखा उपयोग करतात, असे तेथे म्हटले आहे. ग्रंथ इ.स.पू. चौथ्या शतकातला मानतात. मात्र नववा भाग खुद्द ॲरिस्टॉटलचा नसावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. भारतीय परंपरेत भर आहे तो काकोलूक-वैरावर, म्हणजे कावळा आणि घुबड यांच्या वैरावर. महाभारताच्या सौप्तिकपर्वात वडावर झोपलेल्या कावळ्यांना घुबड रात्री ठार करते आणि ते पाहून अश्वत्थाम्याला रात्रीच्या हल्ल्याची कल्पना सुचते. पंचतंत्राचे तिसरे तंत्र याच वैराचे आहे. या कथांमागे प्रत्यक्ष निरीक्षण असावे, असे मानणे सयुक्तिक वाटते: रात्री घुबडाची सरशी, तर दिवसा कावळ्यांची.

जिवावर बेतू शकेल असा हा खटाटोप पक्षी का करतात, यावर मतभेद आहेत. शिकाऱ्याला त्या जागेवरून हुसकावणे, हा एक पक्ष. ‘तू दिसलास, आता दबा धरण्यात अर्थ नाही’ हे त्याला कळवणे, हा दुसरा. शत्रू कोण हे पिलांना व शेजाऱ्यांना शिकवणे, हा तिसरा. हे पक्ष परस्परविरोधी नाहीत. तरी तिसऱ्याला प्रयोगाचा भक्कम आधार आहे. जर्मनीत एबरहार्ड कुरिओ व सहकाऱ्यांनी १९७८ साली तो प्रसिद्ध केला. दोन पिंजऱ्यांत युरोपीय काळे कस्तूर ठेवले व मधोमध कप्प्यांची फिरती पेटी. एकाला घुबड दिसे. दुसऱ्याला त्याच क्षणी एक निरुपद्रवी ऑस्ट्रेलियन मधभक्षक पक्षी. पहिल्याचा आकांत ऐकून दुसऱ्याने मधभक्षकालाच वैरी ठरवले, पुढे तो एकटा दिसला तरी त्यावर ओरडू लागला आणि ही समजूत एकाकडून दुसऱ्याकडे अशी सहा पक्ष्यांपर्यंत पोचली. प्लॅस्टिकच्या बाटलीविषयीही असा धडा देता आला, पण तो कमी ठसला.

झुंडीची हाक सहसा खरखरीत, तुटक, पुन्हापुन्हा दिलेली असते, त्यामुळे ती कोठून येते हे चटकन कळते व मदत धावून येते. आकाशात ससाणा दिसल्यावरची सूचना याउलट बारीक व लांबट असते. ती देणाऱ्याचा ठावठिकाणा लागणे कठीण. हा भेद पीटर मार्लर यांनी १९५५ साली मांडला. अमेरिकेतील चिकडी पक्षी लहान, चपळ आणि म्हणून अधिक धोकादायक घुबडासाठी आपल्या ‘चिक-अ-डी’ हाकेच्या शेवटी ‘डी’चे जास्त स्वर लावतात, असे २००५ साली दाखवण्यात आले.

भारतात या बाबतीत कोतवाल पक्षी सर्वांत धीट. घरट्याजवळून जाणाऱ्या घारीच्या पाठीवर तो सूर मारून धडकतो, कावळ्यालाही सोडत नाही. हळद्या आणि होला अनेकदा त्याच झाडावर घरटे बांधतात. त्यांना कोतवाल त्रास देत नाही.