मेडिसिन वॉर्ड, सर्जरी वॉर्ड आणि रुग्णाची पाठ

नर्सिंगला गेलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात जाडजूड विषय कोणता? उत्तर येईल ‘मेड-सर्ज’. कागदावर तो मेडिकल-सर्जिकल नर्सिंग, सरकारी मराठीत वैद्यकीय-शल्य परिचर्या. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, मुली दुसऱ्या वर्षाला त्याचे दोन पेपर देतात. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातून मात्र हे नाव गेलं. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सेमिस्टर पद्धत आणली आणि तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला हाच विषय ‘अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग’ म्हणून येऊ लागला. मुलं तरीही मेड-सर्जच म्हणतात. त्यांच्या सिनिअर म्हणत होत्या, त्यांना शिकवणाऱ्या ट्यूटरही म्हणतात.

नाव बदललं त्यात विशेष काय, असं वाटू शकेल. पण जुनं नाव डॉक्टरांच्या घरचं होतं. फिजिशियनचा तो मेडिसिन वॉर्ड, सर्जनचा तो सर्जरी वॉर्ड. नर्सने काय शिकायचं याची वाटणी डॉक्टरांच्या वाटणीवरून झाली. मुंबईत या वाटणीला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली.

भायखळ्याचं जे.जे. रुग्णालय आणि त्याला जोडलेलं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. डॉक्टर घडवायची सोय पहिल्या दिवसापासून होती. नर्स घडवायला मात्र पुढची चार दशकं गेली. मधल्या काळात रुग्णाला उचलणं, पुसणं, पाणी पाजणं, भांडं (बेडपॅन) देणं ही कामं वॉर्डातले नोकर आणि आया करत. कामाला शिक्षण लागतं हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये शाळा काढली आणि तिथून ही कल्पना हळूहळू बोटीने इकडे आली. मुंबईत ती आणली अँग्लिकन जोगिणींनी. ऑल सेंट्स पंथाच्या या सिस्टर्स १८७८ मध्ये इथे पोचल्या आणि रुग्णालयांत शुश्रूषा करू लागल्या. नर्सला ‘सिस्टर’ म्हणायची पद्धत अशा जोगिणींपासून आलेली. पुढे सरकारने ‘परिसेविका’, ‘अधिसेविका’, ‘पाठ्यनिर्देशिका’ असे भारदस्त शब्द घडवले, ते पगारपत्रकात राहिले. वॉर्डात हाक एकच, ‘ओ सिस्टर!’ पुरुष नर्स आले तेव्हा त्यांचे आपोआप ‘ब्रदर’ झाले.

जे.जे.मध्ये परिचारिका प्रशिक्षण १८८६ च्या सुमाराचं. त्याच वर्षी बायकामुलांसाठी कामा रुग्णालय उघडलं. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या जे.जे.मध्ये प्रशिक्षणाला आल्या आणि नर्सिंगच्या इतिहासात पहिली भारतीय परिचारिका म्हणून त्यांचंच नाव दिलं जातं. एवढी एक ओळ सगळीकडे सापडते. त्या कोणत्या गावच्या, घरचे काय म्हणाले, हे ती ओळ सांगत नाही.

घरचे काय म्हणाले असतील हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे, कारण आपला विषय प्रौढ रुग्णाचा. बाळंतिणीपाशी बसायला बाई चालत होती, तो सुईणीचा जुना रिवाजच होता. पण अनोळखी पुरुषाला स्पंजिंग करायचं, त्याची जखम धुवायची, त्याला भांडं द्यायचं म्हणजे विटाळ, जात आणि अब्रू हे तिन्ही प्रश्न एका खाटेपाशी उभे. त्यामुळे सुरुवातीला या कामात युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती बायकाच बहुसंख्य राहिल्या. १८९६ ला प्लेग आला तेव्हा मुंबईला थेट इंग्लंडहून नर्सेस मागवाव्या लागल्या. बायकांना शिकवून पायावर उभं करणारं सेवासदन मुंबईत १९०८ ला निघालं, पुण्यात रमाबाई रानड्यांनी ते १९०९ ला उभं केलं आणि १९११ पासून विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. पांढरपेशा मराठी घरातली मुलगी पुरुषांच्या वॉर्डात जाऊ शकते, हे पटवायला त्या बाईंना किती उंबरे झिजवावे लागले असतील!

त्या काळच्या मेडिसिन वॉर्डात नर्स नक्की काय करत असे? आजच्या मुलींना हे सांगितलं की त्या आधी हसतात, मग गप्प होतात. टायफॉइड घ्या. त्यावर चालणारं औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, १९४८ ला आलं. त्याआधी डॉक्टर निदान करायचे आणि निघून जायचे. पुढचे तीन आठवडे रुग्ण नर्सचा. ताप चढला की कोमट पाण्याने अंग पुसायचं, चमच्याचमच्याने पातळ पेज द्यायची, तोंड स्वच्छ ठेवायचं, नाडी मोजायची. पोटात एकदम कळ आली, नाडी धावू लागली, तर आतडं फुटलं की काय हे ओळखून डॉक्टरला बोलवायचं. न्यूमोनियात सातव्या ते नवव्या दिवसाच्या सुमाराला ताप झपकन उतरायचा, दरदरून घाम फुटायचा; ती रात्र निभावली तर माणूस घरचा. औषधाच्या जागी शुश्रूषाच होती. पेनिसिलिन आलं, पाठोपाठ बाकीची अँटिबायोटिक्स आली आणि हे सगळं कौशल्य ‘बेसिक’ या सदरात जाऊन बसलं. मला हा अन्याय वाटतो.

सर्जरी वॉर्डाची गोष्ट वेगळी. जखमेतले जंतू मारायला कार्बोलिक अ‍ॅसिड वापरण्याचा प्रयोग लिस्टर या ब्रिटिश सर्जनने १८६७ मध्ये छापला आणि सर्जरीतली नर्स निर्जंतुकीकरणाची राखणदार झाली. ड्रेसिंगचे ड्रम, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायचे पत्र्याचे डबे, भरणं, काचेच्या सिरिंजा उकळणं, सुया दगडावर घासून धार लावणं, हातमोजे धुऊन पावडर लावून पुन्हा वापरायला ठेवणं. निवृत्त सिस्टर्सना या ड्रमबद्दल विचारा, डोळे मिटून घडी सांगतील: जे शेवटी लागणार ते खाली, आधी लागणार ते वर. शिवाय ऑपरेशन झालेला माणूस तेव्हा आठवडा-दोन आठवडे आडवाच ठेवत. हर्नियाच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी चालवायचं ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर रुजली. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, हे कळल्यावर.

आता पाठीकडे येते. माझं शिक्षण मुंबईतल्याच एका मोठ्या रुग्णालयात झालं. पहिल्या पोस्टिंगला आमच्या पाठ्यनिर्देशिकेने कंबरेचं हाड मोडलेल्या एका आजोबांना कुशीवर वळवायला लावलं, माकडहाडावरच्या लालसर डागावर बोट दाबलं, उचललं आणि विचारलं, “काय दिसलं?” काही नाही, आम्ही म्हणालो. “तेच तर. पांढरं पडलं नाही. लाल होतं, लालच राहिलं. म्हणजे आत रक्त अडलंय. उद्या इथे फोड दिसेल.” बेडसोअर, म्हणजे शय्याव्रण, कातडी फाटायच्या आधी सुरू होतो हे मी पुस्तकात नंतर वाचलं. त्या वॉर्डात खाटांइतकेच रुग्ण खाली गाद्यांवर होते आणि रात्रपाळीला आम्ही दोघी. दर दोन तासांनी सगळ्यांना वळवायचं असं चार्टवर लिहिलेलं होतं. चार्ट पूर्ण भरलेला असायचा. ते आजोबा मात्र फोड घेऊनच घरी गेले.

त्या वेळी ‘बॅक केअर’ म्हणजे स्पिरिट चोळायचं, वर पावडर, आणि हाडाच्या जागी मालिश. यातलं बहुतेक आता बाद झालं. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि लाल झालेल्या जागी चोळलं तर आतली नाजूक पेशीजालं आणखी दुखावतात. बदल झाला तो मोजमापामुळे. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये धोका मोजायची पट्टी तयार केली, अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची पट्टी १९८७ ला छापून आली. संवेदना, ओलावा, हालचाल, आहार, घर्षण यांना गुण द्यायचे. बेरीज जितकी कमी, धोका तितका जास्त. हे काम फिजिशियनचं नव्हे आणि सर्जनचंही नव्हे. नर्सेसनी, नर्सच्या प्रश्नासाठी केलेलं.

विद्यापीठ या कामाला उशिरा भिडलं. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा देशात सुमारे ४३,००० माणसांमागे एक नर्स पडत होती. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ चा, भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ चा, महाराष्ट्राचा १९६६ चा. एसएनडीटीने लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग १९६४ ला काढलं. योगायोग असा, की मुली ज्याला नुसतं ‘ब्रुनर’ म्हणतात त्या अमेरिकन ग्रंथाची पहिली आवृत्तीही १९६४ चीच. मेडिकल आणि सर्जिकल ही दोन पुस्तकं एका बांधणीत आली, कारण रुग्ण दोन नसतात. मधुमेहाचा माणूस पाय कापायला सर्जरीत येतो तेव्हा साखर मेडिसिन वॉर्डात ठेवून येत नाही.

पण खरी परीक्षा वेगळ्याच खाटेवर झाली. परळचं के.ई.एम. रुग्णालय १९२६ चं. डॉ. पी. के. सेन यांनी तिथे १९६८ च्या फेब्रुवारीत देशातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासांतच गेला, तरी शहराच्या वैद्यकीय इतिहासात त्या दिवसाला मोठं मानाचं पान आहे. त्याच रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला. मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या. अरुणा शुद्धीवर आली नाही. १८ मे २०१५ ला ती वारली तोवर, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षं, के.ई.एम.च्या नर्सेसनी तिला भरवलं, धुतलं, वळवलं. नोकरीला लागलेली मुलगी निवृत्त व्हायची, खाटेवर अरुणाच असायची. तिच्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०११ चा निकाल लोकांना इच्छामरणासाठी आठवतो. नर्सिंगच्या वर्गात तो मी दुसऱ्या कारणासाठी वाचायला देते: खाटेला खिळलेल्या बाईला इतक्या वर्षांत बेडसोअर झाला नाही, ही गोष्ट त्या निकालात आहे. तिथे बरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मेडिकलही नाही, सर्जिकलही नाही. उरली होती ती फक्त परिचर्या.

‘अ‍ॅडल्ट हेल्थ’ या नव्या नावाखाली आता वृद्धांची शुश्रूषा आणि वेदनाशमनाची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, मॉड्यूल्स आली आहेत. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून हेच करत आलंय. देशातलं ते पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारं घर. अभ्यासक्रमाला तिथपर्यंत यायला पस्तीस वर्षं लागली. नाव बदलल्याने वॉर्ड बदलतो असं नाही. परिषदेचं प्रमाण शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स असं आहे. मुंबईतल्या कुठल्याही सार्वजनिक रुग्णालयात संध्याकाळी सहाला फेरी मारा आणि मोजा. म्हणून तर प्रत्येक खाटेशी एक नातेवाईक थांबवून घेतात आणि निम्मी परिचर्या त्या मुलाच्या किंवा सुनेच्या हातून होते.

कोविडच्या लाटेत बीकेसीत, गोरेगावच्या नेस्कोत मोठाली केंद्रं उभी राहिली. रक्तातला ऑक्सिजन टिकेना तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं घालायचं, सोळा-सोळा तास. डॉक्टर नळी धरणार, चार-पाच जण अंगाखालची चादर गुंडाळून मोजून एकाच दमात वळवणार, कपाळ, गाल, छाती, गुडघे यांखाली उशा. पीपीई किटच्या आत घाम, चष्म्यावर वाफ. माझ्या एका विद्यार्थिनीचा त्या दिवसांत रात्री उशिरा मेसेज आला होता: “मॅडम, पाठ मोकळी झाली, आता पेशंटच्या गालांवर लाल डाग येतायत. दाबून बघितलं. पांढरे पडत नाहीत. डोकं दर दोन तासांनी फिरवू ना?”