संबळ फोनमध्ये का घुमत नाही?

पुतण्याच्या लग्नानंतर औशाकडच्या आमच्या घरी गोंधळ घातला, तेव्हा मी मोबाइल ओट्यावर ठेवून संबळ रेकॉर्ड केला. रिंगटोन विकतची कशाला, घरचीच लावू! वीस सेकंदांचा तुकडा कापला, लावला आणि दुसऱ्या दिवशी सोयाबीन घेऊन आडतीवर गेलो. संध्याकाळी चुलते दारातच म्हणाले, "तीनदा फोन लावलो की रं तुला!" फोन खिशातच होता. वाजलाही असणार.

मग घरी निवांत ऐकला. अंगणात छातीत धडधडणारा संबळ फोनमधून पत्र्याच्या डब्यावर टिचक्या माराव्यात तसा येत होता. रेकॉर्डिंग बिघडलं म्हणावं, तर तीच फाइल इयरफोनवर छान घुमत होती. म्हणजे खोट स्पीकरची.

स्पीकर म्हणजे हवा ढकलणारा पडदा. फोनमध्ये तो जेमतेम बोटाच्या पेराएवढा. स्वर एक सप्तक खाली उतरला, की तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी या पडद्याला चौपट लांब हलावं लागतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; एक सप्तक उतरलं की ती निम्मी होतात. ३,२०० हर्ट्झवरून १०० हर्ट्झच्या खर्जापर्यंत पाच सप्तकं आहेत. चौपटीची चौपट करत गेलं तर हिशेब १,०२४ पटींवर जातो. एवढं हलायला त्या चपट्या फोनमध्ये जागा कुठून येणार? त्यामुळे मोठ्या भांड्याचा घुमारा गळतो आणि काठीचा वरचा 'टक्' तेवढा उरतो. इयरफोन कानात घट्ट बसतो, त्याला चिमूटभरच हवा हलवायची असते, म्हणून त्याला खर्ज जमतो.

दुसरी बाजू आपल्या कानाची. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्यानं बंद. बाटलीच्या तोंडावर फुंकलं की बाटली आपला ठरलेला सूर काढते, तशी ही नळीही एका सुराला जास्त साथ देते. एका टोकाला बंद नळीत लहरीचा पाव भाग मावतो; म्हणजे लहर दहा सेंटिमीटरची. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तेव्हा तो सूर साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपासचा निघतो. तान्ह्या पोराचं रडणं काळजाला भिडतं, त्यात या पट्टीचाही वाटा आहे.

मग त्याच रेकॉर्डिंगमध्ये या पट्टीच्या जवळचा आवाज शोधला, तर गोंधळ्याच्या साथीदाराची झांज सापडली. संबळ थांबल्यावर चारच ठोके, पण लखलखीत. तेवढेच कापून पुन्हा पुन्हा जोडले.

कापताना दोनदा चुकलो. लहर मध्येच तोडली की सुरुवातीला 'टक्' असा खडा लागतो. लहर शून्यावर असते तिथं कापावं, नाहीतर आवाज हळूहळू चढवावा. आणि फोन वाद्याच्या फार जवळ ठेवला, तर लहरीचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर ही कापाकापी चांगली करतं.

कॉम्प्रेस न केलेलं स्टिरिओ रेकॉर्डिंग साधारणपणे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापं, घेतं. ३० सेकंदांना पाच एमबी लागतात. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी-३ मध्ये तेच पाचशे केबीच्या आत बसतं, कारण मोठ्या आवाजाखाली दबलेले, कानाला एरवीही न कळणारे बारीक आवाज त्यातून वगळलेले असतात. अँड्रॉइडवर ही फाइल 'रिंगटोन्स' फोल्डरमध्ये टाकली की आवाजाच्या सेटिंगमध्ये दिसते. आयफोनवाल्यांना गॅरेजबँडमधून जाता येतं, ३० सेकंदांच्या आत. "फुकट रिंगटोन" म्हणत एखादं अॅप मेसेज वाचायची परवानगी मागू लागलं, तर तिथूनच परत फिरावं. झांज वाजवायला तुमचा ओटीपी लागत नाही.

आता आडतीवर फोन वाजला की हमालसुद्धा वळून बघतात. चुलत्यांना मोठ्या हौसेनं सांगितलं, तर त्यांनी लगेच फोन लावून बघितला. "कुठं झांज? मला तर ट्रिंग-ट्रिंगच आलं की!"

त्यांना ऐकू येतं ते मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून येतं, माझ्या फोनमधून नाही. तिथं झांज हवी असेल तर ती कॉलर ट्यून झाली. फोन ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "मग ती लाव की. का पैसे पडतेत?"